केळापूर ते काशी : दुर्धर आजारातील नावेचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील केळापूर तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आज ४४ या क्रमांकाने ओळखला जातो. परंतु २०१० मध्ये देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळेपर्यंत त्याचा क्रमांक ७ होता, आणि वाराणसीहून निघून मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद असा दक्षिणेकडे उतरत कन्याकुमारीला पोहोचणारा हा सुमारे २,३७० किलोमीटरचा रस्ता त्या काळी देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. तालुक्याचे नाव केळापूर असले तरी तहसील कचेरी पांढरकवड्याला आहे. केळापूर हे त्याच्या जवळचे, जगदंबेच्या देवस्थानासाठी आणि नवरात्रातील यात्रेसाठी ओळखले जाणारे गाव आहे. तालुक्यातून खुनी नदी वाहते, दक्षिणेला पैनगंगा महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा आखते, टिपेश्वरचे अभयारण्य याच परिसरात आहे, आणि काळ्या जमिनीवर कापूस हेच मुख्य पीक आहे. पैनगंगेवर भोई व ढीवर समाजाचे डोंगे, म्हणजे मासेमारीसाठी आणि पैलतीर गाठण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान होड्या, पूर्वापार चालत आले आहेत. मात्र केवळ नदी पाहण्यासाठी किंवा देवदर्शनासाठी घरच्या सर्वांनी मिळून नावेत बसणे ही गोष्ट येथील शेतकरी कुटुंबाच्या अनुभवात सहसा नसते.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचे आयुष्य या महामार्गाच्या कडेच्या शेतात गेले. दक्षिणेकडील यात्रेकरूंच्या काशीला जाणाऱ्या आणि काशीहून परतणाऱ्या बसगाड्या त्यांनी बांधावरून वर्षानुवर्षे पाहिल्या होत्या, आणि हा रस्ता सरळ काशीला जातो हे त्यांनी मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधी सांगितले होते. स्वतः जाणे मात्र कधी पेरणीमुळे, कधी डवरणीमुळे, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधून बैलांचा डवरा फिरवून तण काढण्याच्या कामामुळे, तर कधी वेचणीला मजूर न मिळाल्यामुळे पुढे ढकलले जात राहिले. शेतकऱ्याच्या घरात यात्रेचा विचार दिवाळीनंतर निघतो आणि कापसाचा भाव कळला की मावळतो. त्यामुळे यात ज्याला निर्णय म्हणावे असे काही कधी घडलेच नाही.

आजार आला तो तोंडाचा. विदर्भात सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत एकत्र घोटून जो खर्रा तयार होतो, तो गावोगावच्या पानठेल्यांवर मिळतो आणि कामावर निघालेल्या मजुरापासून कचेरीतील बाबूपर्यंत अनेकांच्या गालात दिवसभर असतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी डोळ्यांसमोर घोटून मिळणाऱ्या या पदार्थाची सवय सुटलेली नाही. सुपारी आणि तंबाखू ही दोन्ही कर्करोगास कारणीभूत ठरतात, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केलेले आहे. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उमटणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, तिखट न सोसणे, आणि मग न भरणारी जखम, या सगळ्या पायऱ्या घरात दिसत होत्या. परंतु त्यांचा अर्थ नागपूरला गेल्यावर कळला. केळापूरच्या रुग्णाला नागपूर जवळ आहे, कारण जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था याच महामार्गावर आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयही शहरातच आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार, ज्याला नातेवाईक मंडळी ‘शेक’ म्हणतात, तेही झाले. वर्ष उलटण्याच्या आत गाठ मानेत पुन्हा दिसली, आणि आता औषधाने रोग बरा होणार नाही, घरी नेऊन सेवा करावी, असे सांगण्यात आले.

‘घरी नेऊन सेवा करा’ हे वाक्य महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी ऐकलेले असते, आणि सेवा म्हणजे नेमके काय करायचे हे त्या वाक्यात नसते. ती उणीव भरून काढणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला उपशामक उपचार किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग बरा करणे शक्य नसतानाही वेदना, मळमळ, धाप, जखमेची दुर्गंधी, झोप न येणे आणि मनाची घालमेल यांवर पद्धतशीर उपाय करणे, तसेच रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही आधार देणे, हे तिचे काम होय. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हे रुग्णालय उभे करून या शाखेला आधुनिक रूप दिले. भारतात १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले, आणि पुढे केरळने ही सेवा गावपातळीपर्यंत नेली. त्या राज्याने २००८ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. या उपचारांतील सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे अफूपासून मिळणारे मॉर्फिन. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील परवान्यांच्या गुंत्यामुळे ते अनेक वर्षे बहुतेक रुग्णालयांना ठेवणेच नकोसे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून परवान्याची पद्धत सोपी केली. देशात परवान्याखाली पिकणाऱ्या अफूवर प्रक्रिया करणारे जे सरकारी कारखाने आहेत, त्यांपैकी १८२० मध्ये स्थापन झालेला गाझीपूरचा कारखाना वाराणसीच्या खाली, गंगेच्याच काठावर आहे.

या औषधाबद्दल घरोघर जी भीती असते, ती येथेही होती. मॉर्फिन सुरू झाले म्हणजे माणूस संपला, त्याचे व्यसन लागते, तो गुंगीत पडून राहतो, असे नातेवाइकांपैकी प्रत्येकाने सांगितले. प्रत्यक्षात डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या वेळी, म्हणजे साध्या गोळीच्या बाबतीत साधारणपणे दर चार तासांनी, ते दिले असता पहिल्या एक-दोन दिवसांची सुस्ती ओसरल्यावर वडील उठून बसू लागले, अंगणापर्यंत चालू लागले आणि कापसाचा भाव विचारू लागले. वेदना ही माणसाला खाटेला जखडून ठेवते, आणि ती उतरली की त्याच्या इच्छा परत येतात, ही गोष्ट पुस्तकात वाचून समजत नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याबरोबर पोट साफ ठेवण्याचे औषध नियमित द्यावे लागते. आणि गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीतून औषध देताना साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवता येते, पण दीर्घकाळ हळूहळू सुटणारी गोळी कधीही कुटू नये, कारण तिच्यातील संपूर्ण मात्रा एकदम शरीरात जाते. या बाबी येथे मुद्दाम नोंदवल्या आहेत, कारण पुढचा सगळा प्रवास त्यांच्या आधारावर झाला.

बोलणे अस्पष्ट झाल्यामुळे वडील नातवाच्या पाटीवर लिहून बोलत. फरदड, म्हणजे मुख्य वेचण्या संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा पाणी देऊन घेतलेला उशिराचा कापूस, घरात येत असताना एका दुपारी त्यांनी पाटीवर लिहिले : ‘मले आता दवाखाना नको. गंगेत नावेत बसवा.’ त्याखाली थोडी जागा सोडून लिहिले होते : ‘मंग वापस आना.’

या दुसऱ्या ओळीला फार महत्त्व आहे, आणि गावात ती कोणी ऐकून घेतली नाही. आजारी वृद्धाला काशीला नेणे म्हणजे तेथे देह ठेवायला नेणे, असाच अर्थ परंपरेने घेतला जातो. काशीत मरण आल्यास मुक्ती मिळते या श्रद्धेमुळे अनेक कुटुंबे अखेरच्या दिवसांत तेथे जातात, आणि अशा काशीवासासाठी अस्सी भागातील मुमुक्षु भवन किंवा १९५८ पासून चालत आलेले मुक्ती भवन यांसारख्या वास्तू तेथे आहेत. या श्रद्धेविषयी येथे कोणताही अनादर नाही. तथापि मरणासाठी केलेला प्रवास आणि आजार असताना केलेला प्रवास हे दोन निराळे प्रवास आहेत, आणि दुसऱ्या प्रकारासाठी समाजाच्या मनात जागाच नाही, असे या निमित्ताने दिसून आले. मोठ्या आत्या रडू लागल्या. शेजाऱ्यांनी ‘वाटेत काही झालं तर?’ असे विचारले. एका आप्ताने पैशांचा हिशेब मांडला. आईने एवढेच सांगितले की, वाटेत जे व्हायचे ते घरीही होऊ शकते, आणि घरी ते झाले तर नाव राहून जाईल.

अशी इच्छा जगात इतरत्रही व्यक्त झालेली आहे. नेदरलँड्समध्ये रुग्णवाहिका चालवणारे कीस फेल्डबूर यांनी २००६ मध्ये एका असाध्य आजारी माणसाला दुसऱ्या रुग्णालयात हलवताना त्याची जहाजे पुन्हा पाहण्याची ओढ ओळखली, आणि नंतर स्वतःच्या सुटीच्या वेळात त्याला रॉटरडॅमच्या बंदरात खाटेसह जलफेरी घडवली. त्यातूनच २००७ मध्ये खाटेवरच्या रुग्णांची अशी एखादी इच्छा रुग्णवाहिकेतून पुरी करणारी संस्था उभी राहिली. इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांतीच्या काळात कोळसा व मालवाहतुकीसाठी खोदलेल्या अरुंद कालव्यांतून चालणाऱ्या, सुमारे सात फूट रुंदीच्या लांबट नावांना नॅरोबोट म्हणतात; आज त्या घरासारख्या सजवून भाड्याने दिल्या जातात, त्यांचा वेग ताशी चार मैलांच्या मर्यादेत ठेवावा लागतो, आणि आजारी किंवा वृद्ध आप्ताला सोबत घेऊन कुटुंबे त्यांतून संथपणे हिंडतात. चालत्या नावेत आजारी माणूस बसलेला असतो, सर्वांच्या बरोबरीने असतो, आणि तरीही त्याच्या डोळ्यांपुढचे दृश्य बदलत राहते. खाटेवर हे तिन्ही एकत्र मिळत नाही.

तयारी लांबली नाही. ज्या रस्त्याचा एवढा अभिमान होता तो रस्ता मात्र सोडावा लागला, कारण केळापूर ते वाराणसी हे सुमारे नऊशे किलोमीटर मोटारीने जाणे मानेच्या जखमेला सोसणारे नव्हते. म्हणून नागपूरपर्यंत गाडी आणि तेथून इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज या मार्गाने रेल्वे असे ठरले. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची संपूर्ण सवलत देते आणि सोबत्यालाही या श्रेणींत पाऊण भाडे माफ करते, परंतु ही सवलत उपचार व तपासणीसाठी केलेल्या प्रवासालाच असते. हा प्रवास त्यात बसत नव्हता आणि पूर्ण भाडे भरले गेले. मात्र बरे न होणाऱ्या रुग्णाला आयुष्यात एकदा उपचाराव्यतिरिक्तच्या प्रवासासाठीही ही सवलत मिळावी, ही मागणी करण्यासारखी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचा सारांश, चालू औषधांची यादी आणि मॉर्फिनची चिठ्ठी स्वतंत्र कागदांवर लिहून दिली, कारण मॉर्फिन सोबत बाळगताना ती चिठ्ठी जवळ असणे आवश्यक असते. वाराणसीत टाटा स्मारक केंद्राची दोन रुग्णालये आहेत, एक लहरतारा येथे आणि दुसरे बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात महामना मदन मोहन मालवीय यांच्या नावाचे, २०१९ मध्ये सुरू झालेले. अडचण आल्यास कोठे जायचे हे त्यामुळे आधीच ठरवता आले.

गिळता येत नसल्यामुळे वडिलांचे अन्न नाकातून जठरापर्यंत सोडलेल्या बारीक नळीने, ज्याला रुग्णालयात राईल्स ट्यूब म्हणतात, दिले जाई. गाळलेले मुगाचे वरण, दूध, ताक, नाचणीची पातळ पेज हे सगळे मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचे, आधी व नंतर उकळून गार केलेले पाणी घालून नळी स्वच्छ करायची, आणि रुग्णाला त्या वेळी व त्यानंतर अर्धा तास तरी बसते ठेवायचे, म्हणजे अन्न उलट येऊन श्वासनलिकेत जात नाही, असा क्रम होता. आईने रेल्वेच्या डब्यात हे सगळे घरातल्या ओट्यावर करावे तितक्या सहजतेने केले. समोरच्या बाकावरील सतनाच्या एका कुटुंबाने पहिल्यांदा नजर वळवली, नंतर त्यांच्यातील वृद्ध बाईने आपणहून थर्मास धरला.

वाराणसी हे नाव वरुणा आणि अस्सी या दोन प्रवाहांशी जोडले जाते. त्यांच्या दरम्यान गंगेच्या पश्चिम काठावर घाटांची, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांची, जवळजवळ अखंड रांग आहे आणि परंपरेने त्यांची संख्या चौऱ्याऐंशी सांगितली जाते. येथे नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे उगवत्या सूर्याचा पहिला उजेड थेट त्यांच्यावर पडतो. पूर्वेच्या काठावर वस्ती नसून वाळूचे रुंद पात्र आहे. आजारी माणसाच्या दृष्टीने या घाटांची मोठी अडचण म्हणजे त्यांच्या उंच, झिजलेल्या पायऱ्या. उत्तरेकडील मालवीय पुलाजवळ खिडकिया घाटाचा जो नव्याने विकास होऊन त्याला नमो घाट हे नाव मिळाले, तेथे पाण्याजवळ जाण्यासाठी उताराची वाट केलेली आहे, आणि चाकाची खुर्ची तेथून नेता येते. त्यामुळे बहुतेक यात्रेकरू अस्सी किंवा दशाश्वमेधाला नावेत बसतात, तरी या कुटुंबाने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. फाल्गुनाची सुरुवात असल्याने धुके सरले होते, ऊन अजून तापत नव्हते, आणि पाणी उतरून प्रवाह संथ झाला होता. पावसाळ्यात नदी चढली की नावा बंद ठेवल्या जातात, तेव्हा आजारी माणसाने हाच हंगाम निवडणे योग्य होय.

नावाडी मल्लाह समाजाचा, मध्यम वयाचा होता. या समाजाकडेच पिढ्यान्‌पिढ्या घाटांवरील नावा चालवण्याचा व्यवसाय आहे. अलीकडे पुष्कळ नावांची डिझेल इंजिने बदलून सीएनजीची बसवण्यात आली आहेत, त्यामुळे धूर नव्हता, आणि धुरानेच वडिलांना सर्वांत अधिक खोकला येत असे. नावेच्या फळ्यांवर गादी घालून, पाठीला लोड देऊन त्यांना बसवण्यात आले. नाव काठापासून सुटताना जो हलका हेलकावा बसतो, त्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी नावेची कड धरली आणि मुलाने सावरण्यासाठी पुढे केलेला हात मानेनेच नाकारला. बैलगाडीच्या साट्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाचे शरीर तोल कसा धरायचा हे विसरलेले नव्हते.

प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे जाताना त्रिलोचन, गाय घाट यांच्यानंतर ब्रह्मा घाट, दुर्गा घाट आणि पंचगंगा घाट हा भाग लागतो, आणि येथून मराठी माणसाला काशीत आपले घर असल्यासारखे वाटू लागते. या घाटांमागच्या गल्ल्यांत पेशवाईपासून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे. पंचगंगेजवळचे बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले, गणेश घाटावर अमृतराव पेशव्यांची स्मृती आहे, पुढे शिंद्यांचा घाट, त्याच्या पायथ्याशी पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ, आणि आणखी वर अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट. अठराव्या शतकात मोडकळीस आलेल्या काशीला पुन्हा उभे करण्यात मराठी सत्तांचा वाटा किती मोठा होता, हे नावेतून जितके स्पष्ट दिसते तितके गल्लीतून दिसत नाही. विश्वनाथाचे आजचे मंदिरही अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलेले आहे.

या रांगेत वऱ्हाडातल्या माणसाने थांबावे असा घाट म्हणजे भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. खाली भक्कम, जवळजवळ सपाट दगडी भिंत आणि वर नाजूक खिडक्या अशी त्याची रचना आहे, व आत लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. त्या काळात वऱ्हाडावर भोसले आणि निजाम यांची दोअमली होती, म्हणजे एकाच प्रदेशाचा महसूल दोन सत्तांमध्ये वाटला जात असे, आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ही व्यवस्था चालू राहिली. म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही भाग नागपूरच्या खजिन्यात आणि तेथून या दगडांत गेला असणे अगदी शक्य आहे. हे वडिलांना सांगितल्यावर त्यांनी नाव भिंतीजवळ घ्यायला लावली, आणि पाण्याच्या खुणा उमटलेल्या त्या काळपट दगडावर तळहात टेकवला. नंतर त्यांनी पाटीवर लिहिले, ‘आपलंच आहे मंग.’

भोसले घाटानंतर थोड्याच अंतरावर मणिकर्णिका लागते, आणि तेथे चिता अहोरात्र जळत असतात. कुटुंबाने आधीच ठरवले होते की, या ठिकाणी नाव पलीकडच्या वाळूच्या बाजूने न्यावी, आणि नावाड्याला तसे खुणेने सुचवण्यातही आले. परंतु वडिलांनी हाताने थांबवले. घाटावर आणि काठाच्या नावांवर रचलेल्या लाकडांच्या राशींकडे ते बराच वेळ पाहत होते, आणि त्यांच्या पाहण्यात भीतीपेक्षा शेतकऱ्याची चौकशी अधिक होती. त्यांनी लिहिले, ‘एका माणसाले लाकूड किती लागते?’ मुलाला हा प्रश्न मोठ्याने वाचता आला नाही. नावाड्याने पाटी स्वतः हातात घेतली, देवनागरी असल्यामुळे ती त्याला वाचता आली, आणि त्याने कोणतीही सहानुभूती न दाखवता, भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यावे तसे सरळ उत्तर दिले : किती मण लागते, कोणते लाकूड महाग, कोणते स्वस्त, आणि ते वजनकाट्यावर कसे मोजून देतात. वडिलांनी मान हलवली आणि बोटाने पुढे चालण्याची खूण केली. गेल्या वर्षभरात घरातील कोणीही त्यांच्याशी मरणाविषयी एवढे सरळ बोललेले नव्हते. ते बोलणे एका अनोळखी माणसाकडून झाले आणि त्यानंतर घरच्यांनाही ते जमू लागले.

दशाश्वमेधाजवळ दुसऱ्या नावेतून आलेल्या एका पुजाऱ्याने तांब्यात गंगाजल भरून ते वडिलांच्या तोंडात घालण्याचा आग्रह धरला. येथे श्रद्धा आणि उपचार यांचा पेच उभा राहिला. घशाखाली घोट उतरत नसल्यामुळे पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता, आणि न उकळलेले पाणी नळीत घालण्यास डॉक्टरांनी मनाई केली होती. दुसरीकडे मुखात गंगाजल पडावे ही ज्या पिढीची जन्माची आस असते, त्याच पिढीतील माणूस समोर बसला होता. आईने तांब्या घेतला, पदराचे टोक त्यात भिजवले, आणि वडिलांच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, शेवटी मिटलेल्या ओठांवरून ते फिरवले. जखमेच्या बाजूला मात्र ते तिने लागू दिले नाही. मग उरलेले पाणी तिने स्वतः प्यायले आणि पुजाऱ्याला दक्षिणा दिली. धर्मशास्त्रात याला काय म्हणतात हे अभ्यासकांनी सांगावे. नावेतल्या कोणाच्याही मनात मात्र, काही कमी पडले अशी भावना राहिली नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले कुरव पक्षी फाल्गुनातही गंगेवर थोडेफार उरलेले असतात, आणि नावांतून विकली जाणारी शेव त्यांना टाकण्याची येथे प्रथा पडली आहे. पक्ष्यांसाठी तेलकट शेव चांगली नाही, असे जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. तरीही नातवाच्या हातातील पुडीतून वडिलांनी चिमूट चिमूट शेव काढून टाकली, तेव्हा कोणी अडवले नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या हाताने कोणालाही खायला घातलेले नव्हते. घरी ते फक्त घेणारे झाले होते. केदार घाट, हरिश्चंद्र घाट आणि झाशीच्या राणीचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या भदैनीचा परिसर मागे टाकून नाव अस्सीला पोहोचली, आणि तेथून इंजिन बंद करून नावाड्याने ती प्रवाहाबरोबर परत सोडली. औषधाची वेळ त्या परतीच्या वाटेवर आली. गोळी कुटण्याचा छोटा खल, सिरिंज आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घरून आणलेल्या डब्यात होती, आणि वाहत्या नावेत ते काम तितक्याच व्यवस्थित पार पडले. वडिलांना डुलकी लागली, ती नमो घाट येईपर्यंत टिकली.

परतीच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. गाडीला उशीर झाला, एकदा नळी अडकली आणि कोमट पाण्याने मोकळी झाली, नागपूरहून पुढे हिंगणघाटपर्यंत पावसाची एक अवकाळी सर लागली. पांढरकवड्याला पोहोचल्यावर वडिलांनी आधी फरदडीच्या गाठोड्यांची चौकशी केली. त्यांचा मृत्यू त्यानंतर, मृगाच्या पेरणीच्या आधी, स्वतःच्या घरी झाला. मॉर्फिन शेवटपर्यंत वेळेवर दिले गेले आणि अखेरच्या दिवसांतही त्यांना वेदनेने ओरडावे लागले नाही. आत्या, ज्यांनी जाऊ नका म्हणून रडून सांगितले होते, त्या आता गावात काशीची हकीकत स्वतः गेल्यासारखी सांगतात.

या प्रवासाला जो खर्च आला, तो रुग्णालयाच्या शेवटच्या एका अनावश्यक भरतीपेक्षा कमी होता, आणि ज्या गोष्टींमुळे तो शक्य झाला त्यांपैकी एकही दुर्मीळ नव्हती : स्वस्त मॉर्फिन, ते कसे द्यावे हे समजावून सांगणारा डॉक्टर, नळीने अन्न देण्यास शिकलेली घरची माणसे, आणि पाण्यापर्यंत जाणारी उताराची एक वाट. विदर्भातील प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असायलाच हवा. २०१४ नंतर कायदा त्याच्या आड येत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ‘सेवा करा’ असे ऐकल्यावर तेथेच थांबून उपशामक उपचारांचा विभाग कोठे आहे हे विचारावे, वेदनेचे औषध लिहून घ्यावे, प्रवास झेपेल का याचा सल्ला घ्यावा, आणि मग घरी येऊन रुग्णालाच विचारावे की त्याला कोठे जायचे आहे.